चाकाचे मास्तर

रविवारच्या बाजारात सीताफळं घेऊन बसलेल्या एका बाईनं हाक मारली, "ओ चाकाचे मास्तर," आणि त्रिंबक मास्तर थांबले. आधी पाय थांबले, मग आपण थांबलोय हे त्यांच्या ध्यानात आलं. बीडमध्ये त्यांना या नावानं कुणी ओळखत नव्हतं. फोकानियात, म्हणजे सरकारी हायस्कुलात, ते गणिताचे मास्तर होते. गल्लीत जानकीबाईंचे मालक होते. पोरं पाठीमागं त्यांना 'सिफर' म्हणायची, कारण फळ्यावर शून्य काढताना ते खडू दोनदा फिरवत. ही तिन्ही नावं इतकी अंगवळणी पडली होती की त्यांखाली आणखी एखादं नाव असेल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. बाई वीस-बावीस वर्षांची असेल. चेहरा ओळखीचा नव्हता. "तुमीच ना? आमच्या चिंचटाकळीला आलते बघा, आश्रुबासंगं. मी सुंदर. तवा ल्हान व्हते." मास्तरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांना कळलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "ते चाक..." "हाय की," सुंदर म्हणाली. "पयलं काढून टाकलं, मग त्येच पुन्ना बसलं, आता हे दुसरं हाय. आमच्याकडं नारूचं मानूस ऱ्हायलं न्हाई आता. दोन-तीन सालं झाली." एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. यंदा सीताफळं बरी आलीत हेही तिनं त्याच सुरात सांगितलं असतं.

बाजारातून घराकडं येताना मास्तर दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले. आठ वर्षं त्यांची समजूत होती की ते चाक एकोणीस दिवस फिरलं आणि संपलं. त्या समजुतीवर त्यांनी हळूहळू बरंच काही रचलं होतं. शाळेला जायची वाट, घरी यायची वाट, संध्याकाळी ओसरीवर बसून पेपर तपासणं, सारं त्या मोडलेल्या चाकाच्या अलीकडं होतं. एक गोष्ट करून बघितली, जमली नाही, त्यात एका पोराचं नुकसान झालं. असं पुष्कळांच्या आयुष्यात होतं. संपलेल्या गोष्टीबद्दल माणूस एखादं वाक्य खोटं बोललं तर ते वाक्यही तिच्याबरोबर संपतं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि आता ही सीताफळवाली म्हणत होती की चाक फिरतंय. आठ वर्षं रोज सकाळी ते फिरत होतं आणि आपण इथं बीडला फळ्यावर कोनाचे दोन समान भाग करत बसलो होतो. त्यांना कसंसंच झालं. दुःख म्हणावं तर तसं नव्हतं. त्याला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. लहानपणी आई आजोळी गेल्यावर तिचा रिकामा पाट बघून जसं व्हायचं, तसं काहीसं होतं ते.

चिंचटाकळीचा आश्रुबा तेव्हा नववीत होता, बीडला राहून शिकायचा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, उत्तरं बरोबर असायची आणि अक्षर वाईट. शाळा सगळी उर्दूत. मास्तर अलजेब्रा उर्दूतच शिकवत, आणि तास संपता संपता खिडकीजवळ येऊन तोच धडा हळू आवाजात मराठीत सांगत, कारण निम्म्या पोरांच्या घरी उर्दूचा एक शब्द कुणाला येत नव्हता. एके दिवशी तास सुटल्यावर आश्रुबा एक वही घेऊन आला. "मास्तर, ह्ये गणित चुकलंय का बघा." वहीत पुस्तकातलं गणित नव्हतं. उभ्या रेघा मारून घरं लिहिली होती, घरधन्यांची नावं, माणसं किती, पाणी कुठलं, नारू किती जणांना. चिंचटाकळीत बारव होती, दगडी पायऱ्यांची, जुनी. गाव त्या पायऱ्या उतरून पाण्यात घोट्याएवढं शिरायचं आणि घागर बुडवून वर यायचं. त्या बारवेचं पाणी पिणारी एक्केचाळीस घरं, त्यांतल्या पस्तीस घरांत नारू. दुसरीकडं एक अरुंद आड होता, दोरानं पोहरा सोडून पाणी काढायचा. त्याचं पाणी पिणारी चौदा घरं, त्यांत नारू एकाला. "हा एक कसा?" मास्तरांनी विचारलं. "त्ये मानूस सालभर नेकनूरला कामाला गेलतं," आश्रुबा म्हणाला, "तिकडं बारवच हाय. म्हनून मी त्येला धरलं न्हाई. धरायला पायजे का?" मास्तर त्या आकड्यांकडं बघत राहिले. वीस वर्षं ते पोरांना गणितं घालत होते आणि वीस वर्षांत एकाही पोरानं स्वतः गणित मांडून आणलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आडाचं पाणी कोण पितं?" "महारवाडा," आश्रुबा म्हणाला. मास्तरांनी ती चौदा घरं बोटानं पुन्हा मोजली.

नारू मास्तरांनी पाहिला होता. त्या भागात कुणी पाहिला नव्हता? पायाला फोड येतो, फुटतो, आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं बाहेर काढतो. तो काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने पडून राहायचं. आश्रुबाची बहीण बायना हिचा गुडघ्यातच तुटला होता. पाय वाकडा राहिला. तिचं लग्न ठरत नव्हतं. वहीत सगळ्यात वरचं नाव तिचं होतं. मास्तर म्हणाले, "गणित बरोबर आहे. आता पुढं काय?" "फुडं तुमी सांगा." "मी नाही सांगणार. तू सांग." असं आपण का म्हणालो, ते त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं. उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं हे खरं. पण उत्तर नसताना काहीतरी सांगून टाकायची सवय त्यांना होतीच की. त्या दिवशी ती सवय कुठं गेली कोण जाणे. पोरानं त्यांच्याकडं असं बघितलं की मास्तरांना, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापुढं, आपण खरोखर मास्तर आहोत असं पहिल्यांदा वाटलं.

मग दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, तिघं जण मास्तरांच्या ओसरीवर यायला लागले. आश्रुबा, सुताराचा गहिनीनाथ, आणि किल्ल्यामागच्या गल्लीतला मोहिद्दीन, ज्याचं उर्दू अक्षर शाळेत सगळ्यांत देखणं होतं. जानकीबाई चार भाकरी जास्त टाकायच्या. त्यांना मूल नव्हतं आणि त्याबद्दल दोघं नवरा-बायको कधी बोलत नसत; पण शुक्रवारी त्या पोरांची भांडी वेगळी घासून ठेवायच्या आणि कुणी उशिरा आलं तर दारात येऊन बघायच्या. ओसरीवर पोरं भांडायची. पाणी उकळून प्यायला सांगू, असं मोहिद्दीन म्हणाला. "सरपन काय तुझा मामा देतो का बे?" गहिनीनाथ म्हणाला. फडक्यातून गाळू, असं आश्रुबा म्हणाला. पुढच्या शुक्रवारी मान खाली घालून सांगायला लागला की गावाहून निरोप आलाय, आईनं दोन दिवस गाळलं, तिसऱ्या दिवशी फडकं पोतेऱ्याला गेलं. पाटी लावू, तर वाचणार कोण? मास्तर प्रत्येक वेळी दोनच प्रश्न विचारत. कोण करील? आणि किती दिवस करील? त्यापलीकडं ते काही बोलत नसत. बोलावंसं वाटायचं, जिभेवर यायचं, आणि ते सुपारी कातरत बसायचे. पोरं गप्प झाली की ती शांतता त्यांना फार आवडायची. पोरांच्या कपाळाला बारीक आठ्या पडलेल्या असायच्या आणि त्या आठ्यांमागं काहीतरी हलत असायचं. आज इतक्या वर्षांनी बाजारातून परतताना त्यांना काही आठवलं असेल तर त्या आठ्या आठवल्या. चेहरे नीट आठवले नाहीत.

एका शुक्रवारी ते पोरांबरोबर चिंचटाकळीला गेले. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर निघून नेकनूरपर्यंत बैलगाडी, रात्री तिथं मुक्काम, पहाटे पुढं तीन कोस पायी. पोरांना घेऊन ते बारवेच्या काठावर सकाळभर नुसते बसून राहिले. बाया उतरत होत्या, पाण्यात उभ्या राहत होत्या, चढत होत्या. आश्रुबाची आई छबुबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन वर आली, थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "काय बगताव, मास्तर? पोरगं म्हनतं, पान्यात किडा हाय. आसंल. मला न्हाई दिसत. ह्या पायऱ्या तेवढ्या दिसत्यात. बेचाळीस हायती. मी दिसातून सा येळा मोजते." ती गेली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. गहिनीनाथ एकदम उठून काठावरून खाली वाकला आणि हातानं माप घ्यायला लागला. काठावर दोन खांब, वर चाक, चाकावरून दोर. उतरायचंच नाही, म्हणजे नारूचा पाय पाण्याला लागणारच नाही. पायऱ्या वरून चिणून टाकायच्या. मास्तरांना वाटलं, आपण काही केलं नाही, नुसतं इथं आणून बसवलं. आणि तरी परतीच्या वाटेवर त्यांना इतकं हलकं वाटत होतं की ते पोरांच्या पुढं पुढं चालत होते आणि गहिनीनाथ मागून ओरडत होता, "मास्तर, जरा हळू की."

चाक बाभळीचं होतं. गहिनीनाथनं बापाच्या हत्यारांवर महिनाभर खपून केलं. मोहिद्दीननं इजाजतीची दरखास्त लिहिली, कारण रियासतीत चार माणसं जमवून काही करायचं तर कागद लागायचा. दरखास्त सुरेख झाली होती. मास्तरांनी ती वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली. "आत्ता नको," ते म्हणाले. "कागद गेला की वरच्यांचं लक्ष जातं. आधी चाक बसू दे. चाललं की मग देऊ." हे शहाणपणाचं वाटलं होतं. पोरांनाही वाटलं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत चाक बसलं, पायऱ्यांवर दगड रचले, आणि एकोणीस दिवस चिंचटाकळीच्या बाया काठावर उभ्या राहून पाणी ओढत होत्या. विसाव्या दिवशी पारावर कुणीतरी विचारलं की हे सगळं कशापायी, बापजाद्यांच्या पायऱ्या का बुजवल्या? आश्रुबानं वही काढली आणि वाचून दाखवली. पन्नासेक माणसं होती. गावचे देशमुख भगवानराव होते. एक्केचाळीस घरं, पस्तीस नारू. चौदा घरं, एक. भगवानराव म्हणाले, "कोनती चौदा घरं?" आश्रुबानं सांगितलं. भगवानराव उठले. "म्हंजे आमी घान पितो, आन् त्ये चांगलं पितेत. लई शिकलास." दुसऱ्या दिवशी चाक काढलेलं होतं, दगड बाजूला केलेले होते, आणि बीडला एक तक्रार गेली होती की शाळेची पोरं मास्तरांच्या चिथावणीनं बिगरइजाजत जमाव करतात.

पुढचं मास्तरांना आठवायचं नव्हतं. ते घरी आले, पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले. जानकीबाईंनी चहा ठेवला. "सीताफळं नाही आणलीत?" त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "विसरलो." आणि विसरलो म्हणता म्हणता ती खोली समोर आली. हेडमास्तरांची खोली, छताचा पंखा, तो ओढणाऱ्या माणसाचा पाय दाराच्या फटीतून हलताना दिसायचा. वरून आलेले एक साहेब, सभ्य गृहस्थ, मऊ आवाजात बोलणारे. त्यांनी विचारलं की मास्टर साहब, या जमावाची, या चाकाची आपल्याला काही कल्पना होती का? आणि मास्तर म्हणाले, "जी नहीं. मुझे इल्म नहीं था." वाक्य सहज आलं. उर्दूत ते अदबीचं वाटत होतं. मराठीत ते वाक्य त्यांनी तेव्हा उच्चारून पाहिलं नाही, नंतरही कधी पाहिलं नाही. भिंतीला लागून तीन पोरं उभी होती. साहेबांनी आश्रुबाकडं बघितलं. मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं नाही; टेबलावरच्या दौतीकडं बघितलं. दौतीच्या काचेत खिडकी उलटी दिसत होती. आणि आश्रुबा म्हणाला, "जी. मास्टर साहब को इल्म नहीं था." आवाज अगदी सरळ होता. वर्गात उत्तर सांगताना असायचा तसा. बाकी दोघांच्या घरच्यांनी माफीनामे लिहून दिले, त्यांची सुटका झाली. आश्रुबा म्हणाला की वही खरी आहे, तिची माफी कशी मागू? त्याचं नाव पटावरून काढलं. मास्तरांचा त्या दिवशी दुसरा तास होता. वर्गाच्या खिडकीतून फाटक दिसायचं. फाटकाशी आश्रुबा बोचकं घेऊन उभा होता. दुसरा तास संपला, तिसरा संपला, तो उभाच होता. मास्तर फळ्याकडं तोंड करून वर्गसमीकरणं सोडवत होते. दुपारच्या सुटीत ते मागच्या दारानं घरी गेले. परत आले तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

त्यानंतरचा शुक्रवार आला तेव्हा जानकीबाईंनी भाकरी टाकल्या होत्या. "पोरं नाही आली?" त्यांनी विचारलं. "नाही यायची आता," मास्तर म्हणाले. त्यांनी भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या. भाकरी दोन दिवस शिळ्या पुरल्या. मास्तरांनी चिंचटाकळीला जायचं कितीदा ठरवलं आणि कितीदा टाळलं, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. पहिल्या महिन्यात जाणं धोक्याचं होतं. सहा महिन्यांनी जाणं अवघड होतं. वर्षानंतर जाणं विचित्र दिसलं असतं. पुढं पुढं तर ते गाव नकाशावर असल्यासारखंही वाटेना. वर्गात नवी पोरं येत होती. कुणी हुशार निघालं की मास्तर त्याच्या वहीकडं जरा जास्त वेळ बघत, आणि वहीत पुस्तकातलीच गणितं असत. त्यांना हायसं वाटायचं आणि लगेच ओकंबोकं वाटायचं. कुणाला पुढं काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रात्री झोप लागण्याआधी कधी कधी त्यांना ओसरीवरची ती शांतता ऐकू यायची, तीन पोरं विचार करताहेत तेव्हाची, आणि ते कूस बदलायचे.

त्या आठवड्यात ते शाळेत गेले, शिकवलं, आले. शुक्रवारी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. जानकीबाई दाराशी होत्या. "कुठं?" "चिंचटाकळीला." त्यांनी नवऱ्याकडं बराच वेळ बघितलं. "मोहिद्दीनची आई मला तेव्हाच भेटली होती," त्या म्हणाल्या. "तिनं सगळं सांगितलं होतं." मास्तर उंबऱ्यावर थांबले. आठ वर्षं हिला माहीत होतं. आठ वर्षं ही त्यांना वाढत होती, पाणी देत होती, आणि तिला माहीत होतं. "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही बोलाल म्हणून," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन भाकरीचं फडकं घेऊन आल्या. "वाटेत खा."

आता नेकनूरपर्यंत मोटार जात होती. पुढचे तीन कोस मास्तर चालले. वाटेतल्या माळावर कुसळं पिकली होती आणि धोतराला चिकटत होती. त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्य जुळलं की त्यात काहीतरी उर्दूसारखं अदबीचं यायचं आणि ते टाकून द्यावं लागायचं. गाव दिसायच्या आधी चाक ऐकू आलं. ओढणारी बाई थांबली की थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मास्तर काठाशी गेले. लाकडी खांबांच्या जागी दगडी खांब होते, चाकाला लोखंडी आस होता, पायऱ्या चुन्यात चिणलेल्या होत्या आणि त्या चिणलेल्या जागेवर गवत उगवलं होतं. तीन-चार बाया पाणी ओढत होत्या. त्यांच्या पायांकडं मास्तर बघत राहिले. धुळीनं भरलेले, भेगा पडलेले, साधे पाय. कुठं फडकं बांधलेलं नव्हतं. एका बाईनं पदर सावरला आणि विचारलं, "कुनाकडं?" त्यांना आपल्या डोळ्यांत पाणी आल्याचं त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं.

छबुबाई घरी होती. वाकली होती, पण आवाज तोच. तिनं मास्तरांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि ते विचारायच्या आतच सांगायला लागली. बायनाचं लग्न झालं, धारूरकडं दिली, दोन लेकरं हायती. चाक पुन्हा कसं बसलं, मास्तरांनी विचारलं. "आवो, एकोनीस दिस आमी वरून पानी वढलं. मंग पुन्ना पायऱ्या. म्हैनाभर उतरलो, मंग येक दिस माझं टकुरं फिरलं. आमी धा-बारा जनी देशमुखाच्या दारात गेलो. मी म्हनले, चाक देत नसाल तर आमी महारवाड्यातल्या आडावर जातो पान्याला. तिथं दोर तरी हाय. दुसऱ्या दिशी चाक बसलं." ती हसली. "आश्रुबा आजून म्हनतो, आई, नारूपायी न्हाई, तुमच्या कंटाळ्यापायी गाव सुधारलं." मास्तरही हसले. आठ वर्षांत आपण असे हसलो नव्हतो, हे त्यांना हसताना जाणवलं. मग त्यांनी विचारलं, "आणि महारवाडा? तेही येतात का आता इथं?" छबुबाईनं रिकामा तांब्या उचलला. "न्हाई," ती म्हणाली. "त्येंचा आड त्येंच्याकडं."

आश्रुबा दुपारी शेतातून आला. तेवीस वर्षांचा, काळा, खांदे भरलेले. कडेवर एक पोरगी. त्यानं मास्तरांना पाहिलं, पोरगी आईकडं दिली, आणि वाकून पाया पडला. "कवा आलाव?" "सकाळी." "चाक बगितलं?" "बघितलं." दोघं ओसरीवर बसले. आश्रुबानं सांगितलं की गहिनीनाथ आता तेलगावला असतो, चाकं करतो, आणि त्या दोघांनी मिळून सात गावांत बसवली. बारवा बघायच्या, बाया बसतात तिथं बसायचं, पायऱ्या मोजायच्या. "आधी कायच बोलायचं न्हाई. नुसतं बसायचं. ते तुमचंच," तो म्हणाला. "त्ये आडाचं, म्हंजे महारवाड्यानं चाकावर यायचं, तेवढं न्हाई झालं. दोनदा बोललो. त्येच्यासाठी काय करावं, सुचत न्हाई." मास्तर धोतराची कुसळं काढायला लागले. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्यांना सापडेना. मग ते म्हणाले, "आश्रुबा, मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. दरखास्त मीच अडवली होती. आणि मी तिथं नाही म्हणालो." आश्रुबा अंगणाकडं बघत होता. पोरगी कोंबडीच्या मागं लागली होती. "त्येचं काय न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "तुमची नोकरी गेली असती. मी बी तेच बोललो की. मला त्येचं वाईट वाटलं न्हाई." त्यानं पोरीला हाक मारली. "फाटकाशी मी उभा व्हतो. तुमाला इचारायचं व्हतं. बाभळीचा आस झिजत व्हता, एकोनीस दिसांतच झिजला व्हता. मला वाटायचं, चाक पुन्ना बसल. मंग आस कशाचा घालावा? लोखंडाचा घालावा का काय, आन् आनावा कुठून? तुमी याल, मंग इचारू, आसं वाटायचं. पयल्या साली दर सुक्करवारी मी नेकनूरच्या वाटेवर जाऊन बसायचो." तो हे रागानं बोलला नाही. झालेलं सांगत होता. "मंग मोडक्या गाडीचा आस घातला. चालला. पर तुमी का आला न्हाईत, ते काय मला कळलं न्हाई."

मास्तरांना वाटलं होतं की ते माफी मागतील, ती मिळेल किंवा मिळणार नाही, आणि मग ते परत जातील. खोटं बोलल्याचं ओझं त्यांनी आठ वर्षं वाहिलं होतं, आणि ते ओझं या पोरानं केव्हाच खाली ठेवलं होतं. त्याच्याजवळ होतं ते वेगळंच. नेकनूरच्या वाटेवर दर शुक्रवारी एक पोरगं बसलेलं असायचं, आणि त्याच वेळी बीडच्या ओसरीवर आपण पेपर समोर घेऊन, कान दाराकडं लावून बसलेले असायचो. दोघांमध्ये सात-आठ कोसांचं अंतर होतं. बैलगाडीनंही सकाळी निघून दुपारी पोचता आलं असतं. इतकं साधं होतं ते. छबुबाईनं ताटं वाढली. जानकीबाईंच्या भाकरी मास्तरांनी फडक्यातून काढून दिल्या, आश्रुबानं एक मोडली, तोंडात घातली आणि म्हणाला, "बाईंच्या हातच्या हायती." निघताना तो वेशीपर्यंत आला. "पुन्ना येता का?" त्यानं विचारलं. "येतो," मास्तर म्हणाले. "येत्या शुक्रवारी येतो. त्या आडाचं बोलू." आश्रुबानं मान हलवली. त्या मान हलवण्यात विश्वास होता की सवय, हे मास्तरांना मोटारीत बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी ते आले तेव्हा आश्रुबा नव्हता. तेलगावकडून गहिनीनाथचा निरोप आला म्हणून पहाटेच गेला, छबुबाईनं सांगितलं. "तुमी याल म्हनून वाट बगत व्हता. पर निरोप आनलेलं मानूस थांबलं न्हाई. मास्तर आले तर बसवून घे, म्हनला." मास्तर बसले. दुपार झाली. चाक सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. आश्रुबाची पोरगी येऊन त्यांच्या छत्रीची मूठ चाटून गेली. उन्हं ओसरीच्या कडेवरून खाली उतरली. छबुबाई दोनदा वेशीपर्यंत जाऊन बघून आली. "आज येईल आसं वाटत न्हाई," ती म्हणाली. "तेलगाव का जवळ हाय? तुमची मोटार चुकंल की, मास्तर."

"चुकू द्या," मास्तर म्हणाले. "तो आला की जाईन."

मग त्यांनी टोपी काढून शेजारी ठेवली, आणि वाट दिसेल अशा अंगाला सरकून बसले.